एका तोंडाचे शब्द

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मराठीच्या सरांनी एकदा फळ्यावर 'विस्कटणे' असा शब्द लिहिला आणि त्याला समानार्थी शब्द विचारले. मी वर्गात सहसा बोलत नाही. बोलताना गावचा हेल येतो आणि मागच्या बाकांवर हसू फुटते. पण त्या दिवशी सरांचे बोट माझ्याकडेच वळले. मी उभा राहिलो. "मोडणे, पसरणे, उधळणे," एवढे म्हणालो आणि बसलो. सरांनी तिन्ही शब्द ओळीने लिहिले, मध्ये बरोबरीच्या खुणा काढल्या आणि ते पुढच्या शब्दाकडे गेले.

त्या खुणा पाहून मला आबा धुरींची आठवण झाली आणि लाज वाटली. आबांच्या समोर हे शब्द बरोबरीने मांडायची माझी छाती झाली नसती. त्यांच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही हे मला माहीत आहे. का ते पुढे येईलच. पण दुसरा कोणी लिहील असे दिसत नाही.

आबा आमचे शेजारी. मालवणच्या बाजारात एक लहानसा छापखाना होता, तिथे ते कंपोझिटर होते. आमची घरे बाजारापासून मैलभर, किनाऱ्याला लागून, माडांत. माझे वडील लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडत. आमच्या घरात छापलेला कागद म्हणजे एक पंचांग आणि माझी शाळेची पुस्तके. आबांच्या घरात मात्र छापलेला कागद पोत्याने असायचा. छापताना बिघडलेले कागद ते मालकांना विचारून घरी आणत. गुलाबी लग्नपत्रिका, पिवळ्या मुंजीच्या पत्रिका, दशावतारी नाटकांच्या पांढऱ्या जाहिराती आणि काळ्या चौकटीची निधनाची कार्डे. या सगळ्यांच्या कोऱ्या बाजू वर करून आबा त्यांतून एकाच मापाच्या चिठ्ठ्या कापत. एका चिठ्ठीवर एक शब्द.

माणूस बुटका, काटकुळा. नखांत कायमची शाई. कानावर पेन्सिल. बोलताना उजव्या हाताची बोटे सारखी हलायची, हवेतून काहीतरी वेचून डाव्या तळहातावर ठेवल्यासारखी. वीस-बावीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवून ती सवय हातात मुरली होती. खिळ्यावर अक्षर उलटे असते, त्यामुळे आबांना उलटे वाचायची इतकी सवय की समोरच्या माणसाच्या हातातले पत्र ते आपल्या बाजूने घडाघडा वाचून दाखवत. पोस्टमन आला की वाडीतल्या बायका आबांना बघून पत्र पदराखाली घेत. "आबा हत गो, झाक," असे एकमेकींना सांगत, आणि आबाच सगळ्यात मोठ्याने हसत.

शब्द गोळा करायचे हे वेड त्यांना कसे लागले ते त्यांनीच मला सांगितले होते. छापखान्यात नवीन असताना जुळवून बांधलेला एक फर्मा त्यांच्या हातातून निसटला. चार पानांचे खिळे जमिनीभर झाले. मालक डोक्याला हात लावून म्हणाले, "इस्काटलंस मरे सगळां." पाणी भरणारी चंद्राबाई घागर घेऊन दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "इस्काटतत ते केस. ते फणयेन परत बसतत. ह्यां तुमचां उधळलां."

आबा तीन दिवस जमिनीवर बसून खिळे वेचत होते. बाकीचे जागच्या जागी गेले, पण जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून खाली पडलेले कधीच मिळाले नाहीत. तेव्हा त्यांना बाईचे म्हणणे पटले. विस्कटलेले परत बसते, उधळलेले सगळे परत येत नाही. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते लिहून ठेवले आणि खाली लिहिले, चंद्राबाई. ती पहिली चिठ्ठी. त्यानंतर वीस वर्षे त्यांनी त्या एकाच गोष्टीचा पाठलाग केला. नीट असलेले काही नीट राहिले नाही की आपल्याकडची माणसे काय काय म्हणतात. दुसऱ्या शब्दांच्या वाटेला ते गेले नाहीत. मी एकदा विचारले की हाच शब्द का, तर म्हणाले, नीट असते तेव्हा कोण बोलतो? माणूस तोंड उघडतो ते मोडल्यावरच.

शब्द मिळवायला त्यांना भांडणे फार उपयोगी पडत. मासळीबाजारात दोन कोळणींचे जुंपले होते. गिऱ्हाइकाने एकीचे वाटे हाताने वरखाली केले आणि घेतले दुसरीकडून, असे काहीतरी होते. आबा मध्येच पेन्सिल काढून उभे. पहिलीचे लक्ष गेले. "आमी भांडतों आणि हो मेलो कागदार लिवता. फौजदाराचो माणूस काय रे तू?" आबांनी तिला नम्रपणे विचारले की बाये, तू 'चिवडलां' म्हणालीस, तेच मांजराने केले असते तर चिवडलां म्हणाली असतीस का. ती भांडण विसरून विचारात पडली. मग म्हणाली, "मांजर चिवडीत नाय. मांजर उचलून घेवन जाता. चिवडतत ती माणसां, ज्यांका घेवचां नसता." आणि लगेच, "तू घेतंस काय जातंस?" आबांनी बांगड्यांचा वाटा घेतला. घरी भामाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारले की सकाळी सुरमई आणलीत, आता हे कशाला. आबा म्हणाले, हे शब्दाबरोबर आले.

काकींना लिहिता-वाचता येत नव्हते. नवऱ्याच्या चिठ्ठ्यांचा त्यांना राग नव्हता. विडी-तंबाखू नाही, हे एक आहे, असे त्या म्हणत. एकच गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. तिचे लग्न आधी एका ठिकाणी ठरत आले होते. एके दिवशी मुलाचा मामा आला, ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला की आमची बोलणी फिसकटली असे समजा. आत सुमनताई दाराआड उभी. काकींनी डोळ्यांना पदर लावला. आणि आबांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. मामाच्या देखत त्यांनी ते लिहून घेतले. काकी पुढे कितीतरी वर्षे बोलून दाखवत, "लेकीचां लगीन मोडलां आणि बापूस शब्द टिपता."

आबांना याचे वाईट वाटत असे, हे मला माहीत आहे. पण ते मला म्हणाले होते, "तो 'मोडली' म्हणूक शकलो असतो. नाय म्हणालो. मोडली म्हटलां की मोडणारो कोणतरी असूक लागता. फिसकटता तां आपणच." त्या माणसाने स्वतःला त्या गोष्टीतून कसे अलगद बाहेर काढले, ते त्यांना दिसले होते, आणि दिसले ते टिपल्याशिवाय त्यांना राहवत नव्हते. सुमनताईचे पुढे मिठबाव गावात लग्न झाले. घर चांगले मिळाले. पण दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा पोटातले गेले.

आता आबांच्या केसविषयी सांगायला हवे, कारण सगळे तिथेच घडले. खिळे ठेवायची लाकडी, उथळ, पुष्कळ खणांची पेटी असते, तिला छापखान्यात केस म्हणतात. एक केस वाळवीने खाल्ली म्हणून मालकांनी टाकायला काढली होती. आबांनी ती घरी आणली, तिला नवा तळ ठोकला आणि माजघरात भिंतीला तिरपी टेकवून ठेवली. तिच्या खणांत त्यांच्या चिठ्ठ्या असत. पण त्या अक्षरांच्या क्रमाने नव्हत्या. केसमध्ये खिळे तसे नसतातच. जे अक्षर जास्त लागते त्याचे घर मोठे आणि हाताजवळ. जे क्वचित लागते ते दूर, वरच्या कोपऱ्यात. आबांनी शब्द तसेच लावले होते. इस्काटणे, मोडणे, पसारा ही रोजच्या तोंडची मंडळी खाली, मोठ्या घरांत. झोप चाळवते, पाणी ढवळते, गुरे पांगतात, शिवण उसवते, ती मधल्या ओळींत, आणि कोण कोणाच्या शेजारी हेही ठरलेले. आणि अगदी वर, डाव्या कोपऱ्यातल्या लहान लहान घरांत असे शब्द, जे आता एकच माणूस बोलतो. त्यांना आबा 'एका तोंडाचे शब्द' म्हणत. तेवढ्या चिठ्ठ्या त्यांनी काळ्या चौकटीच्या कार्डांवर उतरवून ठेवल्या होत्या. लग्नपत्रिकेचा कागद आमच्याकडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत विरतो, कसर लागते. निधनाचे कार्ड तेवढे जाड येत असे. जे सगळ्यात लवकर नाहीसे होणार ते सगळ्यात टिकाऊ कागदावर, असा त्यांचा सरळ हिशेब.

आमच्याकडे मरणाची बातमी आणणारे पत्र वाचून झाले की उंबऱ्याबाहेरच फाडून टाकतात. ते घरात ठेवत नाहीत. हे आबांना ठाऊक नव्हते असे नाही. पण छापखान्यात लग्नाचा आणि निधनाचा, दोन्ही मजकूर एकाच यंत्रावर एकाच दिवशी छापले जातात. त्यांना तो नुसता कागद वाटत राहिला.

या सगळ्याचे त्यांना एक पुस्तक करायचे होते. बत्तीस पानांचे. मालकांनी शब्द दिला होता की एका पावसाळ्यात, काम कमी असेल तेव्हा, यंत्र तुझे. मी एकदा भीत भीत म्हटले की आबा, आधी वहीत उतरवून काढा, मी लिहून देतो. ते म्हणाले, "माका लिवक येना नाय रे. माका जुळवक येता." केससमोर उभे राहायचे, चिठ्ठी उचलायची आणि सरळ खिळ्यांत जुळवायचे, एवढेच त्यांना माहीत होते. वही नव्हती. दुसरी प्रत नव्हती. ती केस हीच त्यांची वही. डोक्यात तरी असेल ना, असे मी विचारले होते. कंपोझिटराने अक्षर लक्षात ठेवायचे नसते, ते म्हणाले. घर लक्षात ठेवायचे. बोट घरापर्यंत गेले की अक्षर मिळते.

वरच्या कोपऱ्यातल्या शब्दांपैकी एक त्यांना फार प्रिय होता. तो त्यांना कणकवलीच्या पलीकडच्या एका गावात मिळाला. तिथे एक म्हातारी होती, छापखान्यात कामाला असलेल्या कोणाची तरी आजी. रांगते मूल एखाद्या जागेतून वस्तू काढते, एक एक, प्रत्येक वस्तू वळवून बघते, खाली ठेवते आणि दुसरी काढते. त्यात राग नसतो, नासधूस नसते, हव्यास नसतो. त्याला त्या म्हातारीच्या बोलण्यात एक वेगळा शब्द होता, आणि मूल दोन वर्षांचे झाले की ती तो वापरत नसे. आबा एस. टी.ने जाऊन तो शब्द ऐकून आले. ते परतले तेव्हा मी स्टँडवर होतो. माझी मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. घरापर्यंत आम्ही पुळणीवरून, समुद्राकाठच्या वाळूतून, चालत आलो आणि वाटभर आबा त्या शब्दाविषयी बोलत होते. तो शब्द त्यांनी मला सांगितला. दोनदा सांगितला. माझ्या डोक्यात बीजगणित होते. मी "होय आबा, होय" म्हणत राहिलो.

पुढच्या वर्षी आबा परत तिथे गेले तर म्हातारी गेलेली होती. घरात सून होती. ती म्हणाली, म्हातारी काहीबाही बोलायची, आम्ही तसे म्हणत नाही.

गोवा सुटले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी सावंतवाडीला कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि चतुर्थीला घरी आलो होतो. त्या वर्षी मालकांनी सांगून टाकले होते की चतुर्थी झाली की यंत्र मोकळे आहे, कागदही आणून ठेवला आहे, लाग कामाला. आबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. तेवढ्यात बांद्याचा एक छापखाना बंद होणार, त्याचे खिळे बघून या म्हणून मालकांनी त्यांना दोन दिवसांसाठी तिकडे पाठवले. सुमनताई तिसऱ्यांदा गरोदर होती, आठवा महिना, माहेरी आली होती. ती दिवसभर खाटेवर पडून असायची. काकी तिला चहाचा कपसुद्धा उचलू देत नव्हत्या.

आबा बांद्याला असताना काकींनी गणपतीसाठी घर सारवायला काढले. केस भिंतीपासून ओढली, धूळ झाडायला एका खणातल्या चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि उलटल्या. वीस वर्षांत त्यांनी त्या पेटीला हात लावला नव्हता. वाचता येत नसले तरी काळी चौकट कोणालाही कळते. लेक दोनदा रिकामी झाली आणि या सगळ्या काळात मरणाची पत्रे तिच्या माहेरी, देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून होती. काकींना त्या क्षणी काय वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. एकेक खण बघितला, काळ्या चौकटीची सगळी कार्डे सुपात भरली आणि ओहोटी लागल्यावर त्या जाऊन समुद्रात सोडून आल्या. डोक्यावरून आंघोळ केली. मग उरलेल्या चिठ्ठ्या, नवऱ्याचे काम आहे म्हणून, त्यांनी जीव लावून नीट केल्या. गुलाबीत गुलाबी, पिवळ्यांत पिवळ्या, पांढऱ्यांत पांढऱ्या. काठाला काठ लावून, एका उंचीच्या गड्ड्या करून.

आबा परतले तेव्हा मी त्यांच्या ओटीवर होतो. सुमनताईला पंचांग हवे होते, ते द्यायला गेलो होतो. आबांनी पाय धुतले आणि ते नेहमीप्रमाणे आधी केसकडे गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. हात वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तो एकेका खणावरून फिरत खाली आला, कुठेही न थांबता.

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळे सांगितले, थोडे भीत, थोडे ठामपणे. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हवलेलां नीट लावन ठेवलंय. किती पसारो होतो तो."

आबांनी खाटेवरच्या सुमनताईकडे बघितले. ती उशीवरून मान उचलून त्यांच्याकडेच बघत होती.

"बरां केलंस," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुळणीवर गेलो तर आबा भरतीच्या रेघेवरून चालत होते. वाळके शेवाळ, काटक्या, नारळाच्या कवट्या पायाने बाजूला करत, वाकून बघत, लांबपर्यंत. मीही शोधायला लागलो. पुष्कळ वेळाने मला एक कार्ड मिळाले. वाळूत अर्धे रुतलेले. मी धावत नेऊन दिले. आबा घरी दौतीच्या शाईने लिहीत. ते लिहिलेले सगळे पाण्याने गेले होते. पलीकडची छापखान्याची शाई मात्र जशीच्या तशी होती. जाड काळी चौकट, त्यात कोणाच्या तरी निधनाचा अर्धवट उमटलेला मजकूर. आबांनी कार्ड दोन्ही बाजूंनी बघितले. कोरी बाजू उन्हाकडे तिरपी धरली, निबचा ओरखडा तरी दिसतो का म्हणून. मग माझ्याकडे परत दिले.

"ह्यां इस्काटलां नाय," एवढेच म्हणाले. मला चंद्राबाई आठवली. पुढचे त्यांनी बोलायची गरज नव्हती.

ते कार्ड मी घरात आणले नाही. आईने आणू दिले नसते. तिथेच वाळूत पुरले.

महिन्याभरात सुमनताईला मुलगा झाला. सुखरूप. वाडीभर काकींनी साखर वाटली. त्या आबांना काही बोलल्या नाहीत, पण मुलाला न्हाऊ घालताना, काजळ लावताना त्यांच्या चेहऱ्यावर असे काही असायचे की त्यापुढे कोणी काय बोलणार. आबांनाही नातवाचा आनंद झाला होता. खरा झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी कशा मावतात ते मला त्या दिवसांत दिसले.

मालकांनी विचारले, कधी लावतोस. आबा म्हणाले, मजकूर नाही. मालकांना वाटले आळस करतो. त्यांनी दोनदा विचारले आणि तो कागद दुसऱ्या कामाला वापरला. उरलेल्या चिठ्ठ्या आबा पुन्हा लावू शकले असते. ते सगळे शब्द काही गेले नव्हते. मी दिवाळीच्या सुट्टीत तसे म्हणून बघितले. त्यांनी एक गुलाबी गड्डी हातात घेतली, पाच-सहा चिठ्ठ्या वाचल्या आणि ठेवून दिली. म्हणाले, हे शब्द रोज बाजारात ऐकायला मिळतात, ते छापून कोणाला हवेत. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारले, "तुका सांगितलंलंय मां रे, वाटेर? त्या म्हातारेचो शब्द?"

मी आठवायचा प्रयत्न केला. पुळण आठवली, आबांची पिशवी आठवली, त्या दिवशीचे गणितसुद्धा आठवले. शब्द आठवला नाही. कुठल्या अक्षराने सुरू होत होता तेही नाही. मी मान हलवली.

"तुजी परीक्षा होती," आबा म्हणाले. माझी समजूत काढल्यासारखे. मी त्या परीक्षेत पास झालो होतो, वाडीतला पहिला.

मला अजून एक गोष्ट सांगायची आहे. त्याच सुट्टीत काकी आमच्या विहिरीवर आल्या होत्या. कळशी भरून झाली तरी उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या की हे आता भांडण ऐकायलाही थांबत नाहीत, कानावर पेन्सिल नसते. आणि हळूच विचारले, "ती कार्डां कामाची होती काय रे?"

मी म्हणालो, "नाय काकी. जुनी होती."

त्यांचा विश्वास बसला नाही असे मला वाटले. "कामाची असती तरी मी तांच केलां असतां," त्या म्हणाल्या, आणि कळशी उचलून गेल्या. त्या खोट्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

आबांना मी शेवटचे पाहिले ते त्यानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात. छापखान्यातले काम त्यांनी सोडले होते. मी सावंतवाडीला परत निघालो होतो आणि निरोप घ्यायला गेलो. सुमनताई मुलाला घेऊन माहेरी आली होती. पोर दोन वर्षांचे व्हायला आले होते, पण बाळसे इतके होते की अजून बसूनच सगळीकडे सरकायचे. ते केससमोर बसले होते. खालच्या मोठ्या खणातून त्याने एक गुलाबी चिठ्ठी काढली. वळवून बघितली. मागे छापलेला गणपती होता, त्यावर बोट ठेवले. चिठ्ठी जमिनीवर ठेवली. दुसरी काढली. पिवळी. तीही वळवून बघितली. भोवती काकींच्या गड्ड्यांतल्या कितीतरी चिठ्ठ्या पडल्या होत्या. आबा शेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि नुसते बघत होते.

काकी स्वयंपाकघरातून आल्या. "आवो, बसलास काय? पोर सगळां इस्काटता."

आबा झटकन म्हणाले, "इस्काटणां नाय तां." जुना आवाज होता, छापखान्यातला. काकी थांबल्या. सुमनताईने वर बघितले. मी उंबऱ्यावर होतो. आबांचे तोंड अर्धवट उघडे राहिले. मुलाने आणखी एक चिठ्ठी काढली, वळवून बघितली आणि हळूच खाली ठेवली.

आबांचा उजवा हात उठला. केसच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या लहान, रिकाम्या घरापर्यंत गेला. बोटे आत गेली, चिमटीत काही धरल्यासारखी मिटली आणि बाहेर येऊन डाव्या तळहातावर टेकली. आबा तळहाताकडे बघत राहिले.

माझी एस. टी. चुकली असती. मी निघालो.